प्रवेश मिळाला, मुक्कामाचे काय?

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पदवी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी काष्टी, ता. श्रीगोंदा येथील एका माध्यमिक शिक्षकाने, बी.ए., बी.एड., केलेल्या भाषणाचा मजकूर.)





सत्काराच्या कार्यक्रमात बोलणाऱ्याने यशाचे कौतुक करावे, आईवडिलांचे अभिनंदन करावे आणि चार उपदेशाचे शब्द सांगून खाली बसावे, अशी रीत आहे. कौतुक तर मी मनापासून करतो. आज व्यासपीठावर आलेल्या मुलामुलींपैकी कित्येकजण आपल्या घराण्यातील पहिले पदवीधर आहेत. परंतु उपदेशाऐवजी एका साध्या, रोजच्या व्यवहाराच्या प्रश्नावर बोलण्याची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे. तुमच्यापैकी काहीजण एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.साठी पुण्याला जातील. प्रवेश कोणत्या विभागात घ्यावा, यावर घरोघर चर्चा चालू असेल. पण तेथे राहायचे कोठे, कोणाबरोबर आणि कसे, याची चर्चा किती घरांत चालू आहे? "ते काय, गेल्यावर बघू," असेच उत्तर बहुतेक ठिकाणी मिळेल. या "गेल्यावर बघू"विषयीच मला आज बोलायचे आहे.

आपण काष्टीची माणसे. शनिवारच्या जनावरांच्या बाजारात लहानाचे मोठे झालो. बैल घ्यायचा तर आपला शेतकरी काय करतो? दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो, जमले तर जुंपून बघतो. दोन जाणत्यांना बाजूला घेऊन विचारतो आणि मग रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतो. जनावर पुढे पाच-सात वर्षे दावणीला राहणार, म्हणून ही सगळी पारख. आणि ज्या खोलीत आपला मुलगा आयुष्यातील मोलाची दोन वर्षे काढणार, ती खोली मात्र आपण कोणाच्या तरी फोनवरच्या शब्दावर, न बघता पक्की करतो. मी हे इतरांना नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. मी स्वतः तेच केले आणि त्याची किंमत मोजली. ती हकिकत आजवर जाहीरपणे सांगितली नव्हती. आज सांगतो, कारण तिचा तुम्हाला उपयोग व्हावा.

माझ्या नावापुढे बी.ए., बी.एड. अशी अक्षरे आहेत. एम.ए. नाही. पण २०१० साली मला पुण्यात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. विषय इतिहास. माझे वालिद आठवडे बाजारात बांगड्यांचे दुकान मांडत. काष्टी, श्रीगोंदा, दौंड असा त्यांचा आठवडा असे. प्रवेशाची फी त्यांनी भरली, वर पाच हजार रुपये माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "बेटा, खोलीचे बघून घे." मी दौंडहून रेल्वेने पुण्याला गेलो तो एका पिशवीत कपडे, एका पिशवीत पुस्तके आणि "बघून घेऊ" हा विश्वास घेऊन.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापेक्षा वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी असते, हे मला ती मुदत उलटून गेल्यावर कळले. यात दोष कोणाचा नाही, माझाच. सूचनाफलक मी वाचलाच नव्हता. पहिले आठ-दहा दिवस एका मित्राच्या वसतिगृहाच्या खोलीत चोरून राहिलो. अशा मुलांना पुण्यात 'पॅरासाइट' म्हणतात. आपल्याकडे झाडावर बांडगूळ वाढते ना, तसे. रात्री उशिरा आत जायचे, पहाटे बाहेर पडायचे, पहारेकरी दिसला की मान खाली घालायची. ज्याच्या मनात सतत पकडले जाण्याची भीती असते, त्याच्या हातात पुस्तक असले तरी डोळे दाराकडे असतात.

मग खोली शोधू लागलो. पहिल्या घरी नाव विचारेपर्यंत सगळे ठीक होते. नाव सांगितल्यावर मालक म्हणाले, "आत्ताच एकाला शब्द दिलाय." दुसऱ्या ठिकाणी, "आमच्याकडे शाकाहारी मुलांनाच ठेवतो." मी म्हणालो, "मी खोलीत काहीच शिजवणार नाही." तरी नाहीच. तिसऱ्या ठिकाणी एका वृद्ध आजींनी पाणी दिले, चौकशी केली आणि मग खरेच वाईट वाटून म्हणाल्या, "माझं काही नाही रे बाळा, पण मुलगा ऐकायचा नाही." त्या आजींचा मला कधी राग आला नाही. पण चौथे दार वाजवण्याचे बळ माझ्यात उरले नाही. एका एजंटाने शहराच्या दुसऱ्या टोकाला कॉट बेसिसवर जागा दाखवली, म्हणजे खोली नव्हे, खोलीतली एक खाट. मी ती संध्याकाळी, घाईत आणि बाहेरूनच पाहिली. एक महिन्याचे भाडे दलाली म्हणून एजंटाने घेतले, अनामत मालकाने घेतली. पावती मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही.

दहा बाय बाराची खोली, पाच खाटा, खिडकी जिन्याकडे उघडणारी. नळाला पाणी पहाटे तासभर. विभागात जायला दोन बस बदलाव्या लागत. जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास रस्त्यात. त्या वर्षी रमजान ऑगस्टमध्ये आला. खोलीत स्टोव्ह पेटवायला मनाई, मेस सकाळी नऊला उघडे. सहेरीला मी केळी आणि बिस्किटे खात असे. खोलीतली बाकीची चौघे वाईट नव्हती, पण तीनजण नोकरीवाले होते आणि एकाची रात्रपाळी असे. कोणाचा दिवा चालू, कोणाचा बंद. जयकर ग्रंथालयात बसून वाचायचे ठरवले, तर शेवटची बस चुकण्याची धास्ती. महिनाभरात माझी पुस्तकाची पन्नास पाने झाली नाहीत. वर्गात इंग्रजीतून चाललेले व्याख्यान निम्मे डोक्यावरून जात होते आणि ते कोणाला विचारावे इतकी कोणाशी ओळख झाली नव्हती.

२०१० साली ईद आणि गणेश चतुर्थी एकाच दिवशी, ११ सप्टेंबरला, शनिवारी आली होती. काष्टीचा बाजार, ईद आणि गणपती सगळे एका दिवशी. मी ईदसाठी घरी आलो. अम्मीच्या हातचा शिरखुर्मा खाल्ला, शेजारच्या घरी गणपतीच्या आरतीला उभा राहिलो आणि रात्री अंथरुणावर पडलो तेव्हा मनाने ठरवूनच टाकले होते. मी परत गेलो नाही. अनामत बुडाली, फी बुडाली. घरी सांगितले, "विषय जमला नाही." अब्बांनी एक शब्द विचारला नाही. त्यांना वाटले, मुलाची बुद्धी कमी पडली. आज ते हयात नाहीत. विषय जमत होता, जागा जमली नव्हती, हे मी त्यांना कधीच सांगितले नाही.

मित्रहो, माझ्यासारखी किती मुले अशी परत येत असतील, त्याचा आकडा कोणी ठेवत नाही. कागदावर ती "प्रवेश रद्द" एवढीच दिसतात. पण शिक्षण नेहमी वर्गातच अडते असे नाही, ते पुष्कळदा मुक्कामाच्या ठिकाणी अडते. ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातील थोर माणसांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखली होती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. शाळा तर कोल्हापुरात होत्याच. पण खेड्यातून आलेल्या मुलाने रात्री पाठ कोठे टेकायची, भाकरी कोठे खायची, हा प्रश्न सुटल्याशिवाय शाळेचे दार उघडे असून नसल्यासारखे आहे, हे महाराजांनी जाणले. १९०६ साली मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग निघाले तेव्हा त्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी घेतले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले आणि सर्व जातींची मुले एका पंगतीला बसवली. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा आपल्या नगर जिल्ह्यात गावोगाव आहेत. तिची उभारणी पाहिली तर शाळेइतकेच वसतिगृहाला महत्त्व दिलेले दिसते.

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेव्हा तेही एक पदव्युत्तर विद्यार्थीच होते. बडोदे संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती आणि अनोळखी शहर. पहिल्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही. तेथून ते दुसरीकडे गेले आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहिले. म्हणजे जागा बदलण्याची वेळ बाबासाहेबांवरही आली. पण त्यांनी जागा बदलली, शिक्षण सोडले नाही. मी नेमके उलटे केले. १९१५ साली ते एम.ए. झाले. आणि खोलीतला तो सोबती जन्माचा मित्र झाला. पुढे १९२० साली लंडनला पुन्हा शिकायला जाताना त्याच भथेनांनी त्यांना पैशाची मदत केली.

याच कथेची दुसरी बाजूही ऐका. १९१७ साली बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. अमेरिकेतून एम.ए. झालेले, पीएच.डी.चा प्रबंध लिहिलेले हे गृहस्थ. पण त्यांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव घेऊन राहावे लागले आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. पारशी समाजातलाच एक मित्र जन्मभर साथ देतो आणि त्याच समाजातला जमाव काठ्या घेऊन येतो. म्हणून एका दारावरून साऱ्या वस्तीची परीक्षा करू नये, हा धडा मी यातून घेतला. लंडनमध्ये विद्यार्थी असताना १९२१-२२ च्या सुमारास ते ज्या घरात राहिले, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले व तेथे स्मारक केले. विद्यार्थ्याच्या मुक्कामाला इतके मोल असते!

असो. आता व्यवहाराच्या गोष्टींकडे वळू. ज्या मला कोणी सांगितल्या नाहीत, त्या तुम्हाला क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट वसतिगृहाची. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ सालची. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. गणेशखिंडीच्या आवारात मुलांची व मुलींची वसतिगृहे आहेत, पण मागणी जागांपेक्षा जास्त असते. म्हणून प्रवेशाचा अर्ज भरतानाच वसतिगृहाच्या अर्जाची मुदत विचारा आणि ती घरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, ही कागदपत्रे निकाल लागायच्या आधी श्रीगोंद्याच्या तहसील कचेरीतून काढून ठेवा. आपल्यातील तांबोळी, अत्तार, पिंजारी, बागवान, मणियार अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. वसतिगृह न मिळालेल्या इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी शासनाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तिचे नियम व मुदती नीट वाचून घ्या. विद्यापीठाबाहेरही पर्याय आहेत. १९५५ साली सुरू झालेली पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती खेड्यातल्या गरजू मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवते. अशा ठिकाणी मुलाखत असते, शिस्त असते, कामही करावे लागते. त्याचा कंटाळा करू नका.

दुसरी गोष्ट हिशेबाची. खोलीचे भाडे म्हणजे मुक्कामाचा खर्च नव्हे. एका कागदावर भाडे, अनामत, दलाली, मेस किंवा डबा, वीजबिल, बसचा पास, झेरॉक्स आणि घरी येण्या-जाण्याचे भाडे असे सगळे मांडा. आणि त्या कागदावर वेळही मांडा. दूरची खोली महिन्याला सातशे-आठशे रुपयांनी स्वस्त असेल, पण रोजचे तीन तास रस्त्यात गेले तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत पंचाहत्तर तास गेले. पंचाहत्तर तासांत एका पेपरचा अभ्यास होतो. विद्यापीठाच्या जवळ, खडकी, बोपोडी, औंध, सांगवी या बाजूला दोघांत मिळून लहान खोली मिळाली, तर थोडे जास्त भाडे देऊनही ती स्वस्तच पडते.

तिसरी गोष्ट पारखीची. इथे बैलाचा बाजार आठवा. खोली दिवसा बघा आणि रात्रीही बघा. नळ सोडून बघा, दिवा लावून बघा, खिडकी उघडून बघा, संडास-मोरी बघा. टेबल ठेवायला जागा आहे का, विचारा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो मुलगा ती खोली सोडून चालला आहे, त्याला गाठून विचारा, "का सोडतोस?" मालक सांगणार नाही ते तो सांगेल. खोलीतले सोबती काय करतात, कधी झोपतात, हेही विचारा. शिकणाऱ्याने शक्यतो शिकणाऱ्यांबरोबर राहावे.

चौथी गोष्ट कागदाची. आपल्याकडे शब्दावर व्यवहार होतो, पण पुण्यात कागद लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे जागा भाड्याने देण्याचा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे आणि न केल्यास शिक्षाही सांगितली आहे. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. त्यात अनामत किती, परत कधी, सोडण्यापूर्वी सूचना किती दिवसांची, वीजबिल कोणाचे, हे वाचल्याशिवाय सही करू नका. कॉट बेसिसवर करार झाला नाही, तरी निदान अनामतीची सहीची पावती घ्या आणि पैसे बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहते. पहिल्या दिवशी खोलीचे फोटो काढून ठेवा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते. त्यात भिण्यासारखे काही नाही. उलट तुमचे नाव-पत्ता रीतसर नोंदलेला असणे तुमच्याच हिताचे आहे.

पाचवी गोष्ट थोडी नाजूक आहे, पण ती टाळून चालणार नाही. आडनाव ऐकून नकार देणारी घरे तुम्हाला भेटतील. माझ्या वेळी भेटली, आजही भेटतात. माझा सल्ला असा की, फोनवरच पूर्ण नाव सांगा. बसचे भाडे वाचेल, उन्हातली पायपीट वाचेल आणि ज्याला नकार द्यायचा आहे तो तिथेच देईल. नाव लपवू नका. लपवलेल्या नावाच्या खोलीत कधी स्वस्थ झोप लागत नाही. नकार मिळाला तर वाद घालू नका, कडवट होऊ नका आणि चौथे दार वाजवायला विसरू नका. मी तिसऱ्या दारावर थांबलो, ही माझी चूक. आणि ज्या घरात होकार मिळेल, तेथे अशा रीतीने राहा की पुढच्या वर्षी त्याच घरी आपल्याच गावच्या दुसऱ्या मुलाला मालक स्वतः बोलावतील. तुमच्यामागे येणाऱ्याची वाट तुमच्या वागण्याने सोपी किंवा अवघड होते. खोलीत सोबती कोणत्याही धर्माचे असोत, पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने बोलून घ्या. दिवा किती वाजता बंद, खोलीत काय शिजेल, काय शिजणार नाही, रमजानात पहाटे उठताना त्यांची झोप कशी मोडणार नाही, त्यांच्या उपासाला आपण काय सांभाळायचे. बोलून ठरवले तर दहा बाय बाराच्या खोलीतही भांडण होत नाही.

सहावी गोष्ट रुळण्याची. जागा मिळाली म्हणजे मुक्काम झाला असे नाही. पहिले सहा आठवडे सर्वांना जड जातात. ज्याला घर आठवत नाही असा मुलगा मी पाहिला नाही. पुणे आपल्याला जवळ आहे, हेच आपले दुखणे. दर शनिवारी गाडीत बसावेसे वाटते. पहिला महिना तरी येऊ नका. विभागातल्या एका शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात भेटून सांगा की, मी ग्रामीण भागातून आलो आहे, मराठी माध्यमातून शिकलो आहे, मला सुरुवात कशी करावी ते सांगा. एकही शिक्षक यावर रागावणार नाही. मीही शिक्षक आहे म्हणून खात्रीने सांगतो. ग्रंथालयात बसण्याची वेळ ठरवून घ्या. पैशाची ओढ असेल तर विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आहे. तिच्यात काम करणारी मुले लवकर रुळतात, असे मी पाहिले आहे, कारण त्यांना चार ओळखी आपोआप होतात. आणि खोलीच जमत नसेल तर खोली बदला, गाव सोडू नका.

आता पालकांना दोन शब्द. मुलाला फोन केला की आपण विचारतो, "जेवलास का?" तो "हो" म्हणतो आणि फोन संपतो. त्याऐवजी विचारा, "खोलीत किती जण आहेत? पाणी येते का? झोप लागते का?" महिन्याभरात एकदा स्वतः जाऊन या आणि तो ज्या खाटेवर झोपतो त्या खाटेवर थोडा वेळ बसा. प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला त्याला बोलावू नका. आणि तो परत आला, "जमत नाही" म्हणाला, तर "बरे झाले, घरी राहा" असेही म्हणू नका आणि रागावूही नका. शांतपणे विचारा, "विषय जमत नाही की जागा जमत नाही?" हा एक प्रश्न मला त्या ईदच्या रात्री कोणी विचारला असता तर!

मुलींच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी निकडीचा आहे. दीड वर्षापूर्वी आपल्या परिसरातील एका मुलीला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वसतिगृहही मिळाले. पण वडिलांचा धीर होईना. ते प्रवेश रद्द करायला निघाले होते. माझी पत्नी, मी, ती मुलगी आणि तिची आई असे चौघे पुण्याला गेलो. मी फाटकाबाहेर थांबलो. आत आईने खोली पाहिली, नळ पाहिला, मेसमधली भाजी चाखली, वसतिगृहाच्या बाईंशी बोलली आणि लेकीच्या खाटेवर तासभर बसून राहिली. बाहेर आली तेव्हा एवढेच म्हणाली, "राहू द्या तिला. जागा चांगली आहे." ती मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे. पंधरा भाषणांनी जे झाले नसते, ते आईच्या त्या एका तासाने झाले.

शेवटी संस्थेकडे दोन नम्र सूचना करतो. पहिली सूचना अशी की, संस्थेच्या कार्यालयात एक वही ठेवावी. पुण्यात, नगरला किंवा अन्य शहरांत शिकणाऱ्या व नोकरी करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांची, त्यांच्या संमतीने, नावे व पत्ते तिच्यात असावेत. कोणत्या खोल्या चांगल्या, कोणते मेस बरे, कोठे नकार मिळतो, हे दरवर्षी तिच्यात लिहिले जावे. नवीन मुलगा निघाला की त्याला एका जुन्या मुलाच्या हाती सोपवावे. पहिल्या आठवड्यात त्याला घेऊन चौथे दार वाजवणारे कोणी तरी असावे.

दुसरी सूचना पैशाची आहे, पण फार पैशाची नाही. खोलीची अनामत ही परत मिळणारी रक्कम असते. खेड्यातल्या बापाला तीच एकदम उभी करता येत नाही. संस्थेने एक लहानसा अनामत निधी उभारावा. दहा हजार रुपये एका विद्यार्थ्याला दिले, दोन वर्षांनी खोली सोडताना ते संस्थेकडे परत आले, की तेच पैसे दुसऱ्याला. हे दान नव्हे, फिरता पैसा आहे. एकदा दिलेली रक्कम दहा वर्षांत पाच मुलांना छप्पर देईल. या निधीची सुरुवात म्हणून माझ्या अब्बांच्या नावाने पाच हजार रुपये मी आज अध्यक्षांकडे देत आहे. त्यांनी मला खोलीसाठी पाच हजार दिले होते. ते मी सांभाळू शकलो नाही. निदान हे तरी कोणाच्या कामी यावेत.

विद्यार्थी मित्रहो, प्रवेश मिळवला तुम्ही, तुमच्या बुद्धीने. मुक्काम मात्र एकट्याने सांभाळायचा नसतो. त्यात घर हवे, गाव हवे, संस्था हवी. आम्ही तुमच्यामागे आहोत, हे ध्यानात ठेवून निघा. आणि कधी रात्री वाटलेच की परत जावे, तर ती रात्र जाऊ द्या आणि सकाळी आमच्यापैकी एकाला फोन करा.